यंत्रदानास प्रशिक्षणाची जोड हवी
(संस्थेच्या सुवर्ण महोत्सवी समारंभातील भाषण)



रुग्णसेवेसाठी देणगी द्यावयाची म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम यंत्र येते. त्यावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. परंतु ते चालविणाऱ्याच्या शिक्षणाची चौकशी सहसा होत नाही. मी कापडाचा व्यापारी. वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलणे माझे काम नव्हे. तथापि मोजमापाचे महत्त्व व्यापाऱ्यास निराळे सांगावे लागत नाही.

१९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे सीटी चित्र घेतले. आज ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात अपघात असो, पक्षाघात असो वा मूतखडा, डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात. त्यात क्ष-किरण वापरले जातात. छातीच्या साध्या एक्स-रेत सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते, तर छातीच्या सीटीत सुमारे ६, म्हणजे साठपट. निदानासाठी आवश्यक असेल तर भिण्याचे कारण नाही. अनावश्यक मात्रा मात्र टाळलीच पाहिजे.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील एका नामांकित रुग्णालयात २००८-०९ मध्ये सुमारे दीड वर्ष मेंदूच्या एका विशिष्ट सीटी तपासणीत नेहमीच्या आठपट मात्रा दिली जात होती. दोनशेहून अधिक रुग्णांना ती मिळाली. एका रुग्णाचे केस गळाले, तेव्हा प्रकार उजेडात आला. यंत्राची मांडणी बदलली गेली होती आणि मात्रेचे आकडे पडद्यावर दिसत असूनही कोणाचे लक्ष गेले नाही. यंत्र उत्तम होते. आकडा वाचून थांबण्याची सवय नव्हती.

ही सवय प्रशिक्षणानेच लागते. रुग्णाचे नाव व तपासावयाचा भाग पडताळणे, स्त्री रुग्णास गर्भधारणेविषयी विचारणे, आयोडीनयुक्त औषध टोचण्यापूर्वी ॲलर्जी व मूत्रपिंडाच्या विकाराची चौकशी करणे, लहान मुलांसाठी मात्रा कमी ठेवणे, आवश्यक तेवढ्याच भागाचे चित्र घेणे, नातेवाइकांना खोलीबाहेर ठेवणे, स्वतः टीएलडी बॅज लावणे, ही सर्व कामे तंत्रज्ञाची आहेत. रुग्णाला श्वास केव्हा रोखावा हे त्याच्या भाषेत समजावले नाही, तर चित्र हलते व तपासणी पुन्हा करावी लागते.

आपल्या देशात सीटी यंत्र चालविण्यास मुंबई येथील अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो व पात्र तंत्रज्ञ असणे बंधनकारक आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने अशा व्यावसायिकांच्या शिक्षणास व नोंदणीस चौकट दिली आहे. परंतु नियम कागदावर असतो. रात्री दोन वाजता अपघातग्रस्त रुग्ण आला की त्याच्यापाशी उभा असतो तो तंत्रज्ञच.

म्हणून माझी नम्र सूचना आहे. या सुवर्ण महोत्सवी वर्षात संस्थेने क्ष-किरण तंत्रज्ञानाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती निधी उभारावा. कार्यरत तंत्रज्ञांच्या उजळणी वर्गांचा खर्चही त्यातून व्हावा. यापुढे यंत्रासाठी देणगी देताना ते कोण चालविणार आणि त्याचे प्रशिक्षण कोठे झाले, हे दोन प्रश्न आपण अवश्य विचारावेत.

माप चुकले तर कापड बदलून देता येते. शरीरात गेलेला किरण परत घेता येत नाही. या निधीस माझे कुटुंब यथाशक्ती हातभार लावील, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.