पेटीतले ३०० रुपये आणि ‘क्ष’

आज एक हिशेब सांगते. वही-पेन जवळ असेल तर घ्या, नसेल तर नुसतं ऐका.

आमच्या गटाने जत्रेत पापडांचा स्टॉल लावला. खर्चाला गटाच्या खात्यातून ७,५०० रुपये काढले, ते सगळे लागले. उडदाचे ३० किलो पापड केले आणि २४० रुपये किलोने सगळे विकले. संध्याकाळी मोजलं, तर पेटीत ७,२०० रुपये. सगळा माल खपला, मग ३०० रुपये गेले कुठे? कुणी बोललं नाही, पण नजरा पेटी सांभाळणाऱ्या ताईंकडे वळल्या. त्या रात्री ताई जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बैठकीत आम्ही खर्चाचे दोन भाग केले. डाळ, पापडखार, मसाला, तेल, पिशव्या मिळून किलोमागे १९० रुपये. स्टॉलचं भाडं १,००० आणि टेम्पोचे ८००, असे १,८०० रुपये मात्र माल कितीही विका, द्यावेच लागतात.

२४० मधून १९० गेले, किलोमागे सुटले ५०. मग १,८०० भरून यायला किती किलो विकायला हवेत? तो आकडा माहीत नाही, म्हणून त्याला म्हणायचं ‘क्ष’. शाळेत या क्षची मला फार भीती वाटायची, बी.ए. झाले तरी गेली नव्हती. पण क्ष म्हणजे फक्त अजून न सापडलेला आकडा.

५० गुणिले क्ष बरोबर १,८००. म्हणून १,८०० भागिले ५०. क्ष आला ३६.

म्हणजे ३६ किलो विकले असते तेव्हा कुठे खर्च निघाला असता. आम्ही विकले ३०. सहा किलो कमी, गुणिले ५०, झाले ३०० रुपये! पैसे कुणी घेतले नव्हते, आमचा भावच चुकला होता. आम्ही सगळ्यांनी ताईंची माफी मागितली.

मग ३० किलोला भाव किती हवा होता? आता क्ष म्हणजे किलोमागे सुटायला हवी ती रक्कम. ३० गुणिले क्ष बरोबर १,८००. क्ष आला ६०. १९० आणि ६० मिळून २५०. किलोला फक्त दहा रुपये कमी लावले होते!

आणि बायांनो, यात आपली मजुरी कुठेच धरलेली नाही. किलोमागे ४० रुपये मजुरी धरली, तर भाव किती? येत्या बैठकीत सगळ्याजणी मिळून काढा. २९० आले, तर गणित बरोबर.

पेटीत पैसे कमी भरले, तर कुणाकडे बघण्याआधी क्ष मांडून बघा.