पेशींची जबानी : स्वागताध्यक्षांचे भाषण

सन्माननीय अध्यक्ष महाराज, गावोगावच्या रुग्णालयांतून व प्रयोगशाळांतून आलेले प्रतिनिधी आणि विकृतिशास्त्राच्या उपासक बंधुभगिनींनो,

त्वचेतील रंजकपेशींच्या अर्बुदांचे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे रूप आणि त्यांच्या जनुकांत झालेले फेरफार यांची सांगड कशी घालावी, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी भरलेल्या या परिषदेत मी आपणां सर्वांचे मुंबईकरांच्या वतीने मनःपूर्वक स्वागत करतो. ज्या नगरीतील परळ भागात १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि जेथे डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकापाशी बसून या देशातील कर्करोगसंशोधनाचा पाया घातला, त्या नगरीस अशा विद्वत्सभेचे यजमानपद लाभावे, हे यथोचितच आहे.

आपल्या शास्त्रात दीर्घकाळ डोळ्यांचाच अंमल चालत आला. १९४८ साली सोफी स्पिट्झ यांनी बालवयातील एका विशिष्ट अर्बुदाचे वर्णन केले, तेव्हा रंगवलेली काचपट्टी आणि त्या मुलांचा पुढील वृत्तान्त यांखेरीज त्यांच्या हाती दुसरे साधन नव्हते. तरीही रूपाने मेलॅनोमासारखे उग्र दिसणारे हे अर्बुद वर्तनाने बहुधा सौम्य असते, हे त्यांनी अचूक हेरले. त्यातील काही अर्बुदांत एचआरएएस जनुकाचा बदल असतो, असे २००० साली दिसून आले, आणि २०१४ साली अनेकांत एएलके, आरओएस१, एनटीआरके१ यांसारख्या जनुकांचे तुकडे परक्या जनुकांशी जोडले गेल्याचे उघडकीस आले. एएलकेची अशी जोडणी झालेल्या अर्बुदात लांबट पेशींच्या जुड्या एकमेकींस छेदत अंतस्त्वचेत उतरतात, आणि सराईत नजरेस जनुकाचे नाव चाचणीपूर्वीच सुचू लागते.

यावरून जनुकाचा दाखला मिळाला की सूक्ष्मदर्शकाची गरज सरली, असा निष्कर्ष कोणी काढील, तर त्यास बीआरएएफचा इतिहास सांगावा लागेल. २००२ साली मेलॅनोमात या जनुकाचे उत्परिवर्तन मोठ्या प्रमाणात आढळले, तेव्हा मूळ अपराधी सापडला असे वाटणे स्वाभाविक होते; परंतु दुसऱ्याच वर्षी तेच उत्परिवर्तन अंगावरच्या साध्या, निरुपद्रवी तिळांतही बहुसंख्येने सापडले. एकट्या जनुकाच्या जबानीवर निवाडा देता येत नाही, हा धडा तेव्हा मिळाला. उलट २००८ साली असेही दाखवण्यात आले की, बीआरएएफचे उत्परिवर्तन असलेल्या मेलॅनोमात पेशी अधित्वचेच्या वरच्या थरांत अधिक विखुरतात, पुंजके करून राहतात, अधित्वचा जाड होते, अर्बुदाची कड शेजारच्या त्वचेपासून स्पष्ट दिसते, आणि पेशी अधिक मोठ्या, गोलसर व रंजकयुक्त असतात. म्हणजे जनुक आपली खूण पेशींच्या ठेवणीत सोडून जाते. ती ओळखणारा मात्र हवा.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बॅप-१ या जनुकाचे आहे. एकाच काचपट्टीवर एकीकडे साध्या तिळाच्या लहान पेशी आणि त्यांस खेटूनच भरपूर पेशीद्रव्य असलेल्या मोठ्या, गोल पेशींचा गट दिसतो. बॅप-१ प्रथिनाची रंगचाचणी केली असता लहान पेशींची केंद्रके तपकिरी होतात, मोठ्या पेशींची मात्र निळीच राहतात; बीआरएएफच्या उत्परिवर्तनाची चाचणी बहुधा दोहोंतही होकारार्थी येते. पहिला बदल सर्वांचा, दुसरा नुकसानीचा बदल काहींचाच, असा सारा क्रम तेथे डोळ्यांस दिसतो. शिवाय असे अनेक गोळे एकाच रुग्णात आढळले, तर तो दोष आनुवंशिक असण्याचा संशय घेऊन त्याच्या कुटुंबाचीही वास्तपुस्त करणे विकृतिशास्त्रज्ञाचे कर्तव्य ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ सालच्या वर्गीकरणाने मेलॅनोमाची विभागणी उन्हाचा परिणाम आणि जनुकीय मार्ग यांच्या आधारे केली. पण त्यामागील पुरावा मुख्यत्वे गौरवर्णी लोकांच्या त्वचेतून गोळा झालेला आहे. आपल्याकडील मेलॅनोमा पुष्कळदा तळपायास होतो, त्याचा उन्हाशी संबंध नसतो, त्यात बीआरएएफचे उत्परिवर्तन तुलनेने विरळ, तर केआयटी जनुकाचे बदल आणि जनुकखंडांच्या प्रती वाढणे अधिक. आणि रोगी बहुधा उशिराच येतो. या अर्बुदांच्या रूपाचा व जनुकांचा मेळ घालण्याचे काम आपल्याच दप्तरांतून, आपल्याच मेणठोकळ्यांतून व्हावयाचे आहे.

म्हणून माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे की, ‘मेलॅनोमा’ एवढाच शेरा लिहून अहवाल हातावेगळा करू नये. पेशींचा आकार, पुंजक्यांची ठेवण, कडेचे स्वरूप, उन्हाने झालेली हानी, हा सारा तपशील टिपून ठेवावा आणि मेणठोकळे जपून ठेवावेत, कारण उद्याची जनुकचाचणी या नोंदींवाचून मुकी राहील.

आमच्या बरदास्तीत काही उणीव राहिली असल्यास ती उदार अंतःकरणाने पोटात घालावी, आणि अध्यक्ष महाराजांनी स्थानापन्न होऊन परिषदेच्या कामकाजास प्रारंभ करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.