अडसर: लष्करी अंमलांतील एक आठवण



लष्करी अंमल म्हटला कीं डोळ्यांपुढें रणगाडे व सेनापति उभे राहातात. परंतु ज्यानें हातीं शस्त्र धरलें नाहीं, त्याच्या घराला तो अंमल कसा भासतो, हें जाणण्यासाठीं परमुलखांत जावयास नको. आपल्या औरंगाबादेनें, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरानें, तो अनुभव घेतला आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य निजामाच्या राज्यांत शिरलें. दुसऱ्याच दिवशीं दुपारीं येथील मुलकी अधिकाऱ्यांनीं शहर स्वाधीन केलें, आणि १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. या मोहिमेस नांव पोलीस कारवाईचें होतें. पण पुढें १९४९ च्या अखेरपर्यंत कारभार पाहिला तो मेजर जनरल चौधरी या लष्करी गव्हर्नरांनीं.

माझा जन्म पुष्कळ पुढचा. आजी सांगे, तोंवर रझाकारांच्या भयानें आमच्या दाराला दिवेलागणीलाच अडसर पडे. सैन्य आलें आणि तो अडसर निघाला. शेजारच्या मुसलमान विणकराच्या दाराला मात्र त्याच संध्याकाळीं अडसर पडला. कित्येक दिवस आजी मागील दारानें त्यांच्याकडे भाकरी पोंचवीत असे. बाजारांत हाली शिक्काच चाले, सात हाली रुपयांस सहा कलदार हा हिशेबही लोकांच्या तोंडीं तोच होता. राज्य बदललें हें माणसाला नाण्यावरून कळलें नाहीं, दारावरून कळलें.

त्या शेजाऱ्याची धास्ती निराधार नव्हती. भारत सरकारनें पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें रझाकारांचे अत्याचार नमूद केलेच. पण कारवाईच्या वेळीं व नंतर किमान २७ ते ४० हजार माणसें प्राणांस मुकलीं, असाही अंदाज दिला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा या जिल्ह्यांस सर्वाधिक झळ लागली. तो अहवाल २०१३ पर्यंत लोकांपुढें आला नव्हता. त्यांत आणखी एक नोंद आहे: कांहीं गांवीं हिंदु विणकरांनीं आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंचें रक्षण केलें, आणि त्यासाठीं प्राणही वेंचले.

१७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्रामदिन आपण अभिमानानेंच साजरा करावा. जुलमाचा तो अंत होता, यांत शंका नाहीं. मात्र झेंडावंदन करून घरीं परततांना त्या दुसऱ्या दाराचीही आठवण ठेवावी. कोणत्याही अंमलाची परीक्षा एकच: रात्रीं अडसर न लावतां किती घरें निजूं शकतात?