बाबांच्या डब्यातल्या कपच्या

मी सर्जापूर रोडवरून बोलतेय. मध्येच पाण्याच्या टँकरचा आवाज आला तर सांभाळून घ्या, आमच्याकडे तो दिवसभर असतो.

बाबा शिरूर तालुक्यात शिक्षक होते. घोड नदीकाठी फिरायला गेले की दगडाच्या कपच्या खिशात घालून आणायचे आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे. ते गेल्यावर सामान इकडे हलवताना मी तो डबा एका कुंडीत उपडा केला आणि कुंडी शेजारच्या काकूंना दिली. तळाशी चिकटलेल्या सात कपच्या तेवढ्या माझ्याबरोबर आल्या.

त्याच तालुक्यात, त्याच नदीवर इनामगाव आहे, हे मला नंतर कळलं. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. गाव शेतकऱ्यांचं, साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं. घरात धान्य, दावणीला गुरं, तरीही हाडांमध्ये हरणांची हाडं सापडली. म्हणजे शेती आली तरी शिकार सुटली नव्हती.

दगडी बाण म्हटलं की आपल्याला एक मोठं त्रिकोणी टोक दिसतं. आपल्याकडे बहुतेकदा तसं नसावं. १९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकरांना भोपाळजवळ भीमबेटका सापडलं. तिथल्या चित्रांत धनुष्य ताणलेले शिकारी आहेत, हरणं आहेत, आणि काही शस्त्रांना बाजूला काटे काढलेत. हे काटे म्हणजे नखाएवढ्या कपच्या, सूक्ष्मास्त्रं. लाकडाला खाच पाडून त्या चिकटवायच्या. कपचीची एक कड मुद्दाम बोथट करतात, कारण त्या बाजूने ती डिंकात रुतते.

मी करून पाहिलं. बाबांच्या कपच्यांना हात लावला नाही, नवीन गारगोट्या फोडल्या. दोन बोटं कापली. बाभळीचा डिंक दमट हवेत सुटला. मग राळ, मेण आणि कोळशाची पूड गरम करून लावली, ती धरली. धनुष्य बांबूचं. हरणावर अर्थातच नाही, १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ते बरंच आहे. मैत्रिणीच्या शेतावर पेंढा भरलेलं पोतं टांगलं. पंधरा पावलांवरून बाण आत शिरायचा, तीस पावलांवरून पोतं नुसतं हलायचं.

पोतं पळत नाही, हरीण पळतं. त्याच्या पंधरा पावलं जवळ जायचं कसं? कॅलिफोर्नियात १९११ मध्ये जंगलातून बाहेर आलेल्या इशी नावाच्या याही जमातीच्या माणसाकडून सॅक्स्टन पोप हा डॉक्टर तिरंदाजी शिकला. इशी हरणाच्याच शिंगाने दाब देऊन दगडाचं टोक घडवायचा. आणि शिकारीच्या आदल्या दिवशी मासे खायचा नाही, तंबाखू ओढायचा नाही, सकाळी ओढ्यावर अंघोळ करायचा. वास जाऊ नये म्हणून! बाण हा या कामाचा शेवटचा, छोटासा भाग.

लाकूड कुजलं, दोरी गेली, डिंक गेला, वास चुकवण्याची अक्कल गेली. उरली कपची. ती कुठे, कोणत्या थरात, कशाशेजारी पडली होती यावरून बाकीचं थोडंफार कळतं. एका अभ्यासकाला मी त्या सात दाखवल्या. एकीची कड बोथट केलेली आहे, म्हणाले. पण "नक्की कुठली?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबांनी ती उचलली तेव्हाच पत्ता हरवला होता, आणि विचारायला बाबा नाहीत.

काकूंना फोन केला. कुंडी केव्हाच फुटली, माती सोसायटीच्या बागेत टाकली, म्हणाल्या. दिवाळीत पुण्याला जाईन तेव्हा चाळणी घेऊन जाणार आहे.