सव्वीस एकरांचे गाव
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



भूगोलाच्या तासाला मी भारताचा नकाशा भिंतीवर लावतो, तेव्हा केरळच्या पश्चिमेला अरबी समुद्रात काही बारीक ठिपके दिसतात. ते लक्षद्वीप. यंदा एका मुलीने विचारले, "सर, एवढ्याशा ठिपक्यावर माणसे राहतात का?" वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न मोलाचा वाटला. त्याचे उत्तर आज आपणा सर्वांसमोर द्यावे म्हणून उभा आहे.

लक्षद्वीपात ३६ बेटे आहेत आणि त्यांपैकी १० वर वस्ती आहे. वस्तीच्या बेटांत सर्वांत लहान बित्रा. जमीन अवघी सव्वीस एकर, लांबी अर्ध्या किलोमीटरहून थोडी अधिक. २०११ च्या जनगणनेत तेथे २७१ माणसे होती. आपल्याकडील एखाद्या मोहल्ल्यातही याहून जास्त माणसे भरतील! येथे १९४५ च्या सुमारास कायमची वस्ती झाली. त्याआधी ते समुद्रपक्ष्यांचे बेट म्हणून ओळखले जाई. आज तेथे नारळ आहे, मासेमारी आहे, मशीद आहे, शाळा आहे. बेटाभोवती प्रवाळाच्या कड्याने अडवलेले शांत पाणी सुमारे ४५ चौरस किलोमीटर पसरले आहे. जमीन मूठभर, पण अंगण केवढे!

आपण खाडीकाठची माणसे. पावसाळ्यात तर बंद झाली की पलीकडच्या गावाचे काय हाल होतात, हे आपल्याला सांगायला नको. बित्राची तर म्हणजे अथांग समुद्र. नैऋत्य मोसमी वारे सुटले की लहान होड्यांची ये-जा थांबते. धान्य, औषध, इंधन, सारे आधी भरून ठेवावे लागते. बाळंतीण अडली किंवा कोणाच्या पोटात दुखू लागले, तर आधी समुद्राकडे पाहावे लागते.

गोड्या पाण्याचेही तसेच. प्रवाळाच्या बेटावर नदी नसते. पावसाचे पाणी वाळूतून मुरते आणि खाली खाऱ्या पाण्यावर पातळ थर होऊन तरंगत राहते. विहिरीतून बेताने उपसले तर ते वर्षभर पुरते. पंप लावून हावरेपणा केला तर खालचे खारे पाणी वर चढते. अशा गावात विज्ञानाचा धडा केवळ परीक्षेपुरता नसतो, तो पिण्याच्या पाण्याचा प्रश्न असतो. ज्या प्रवाळावर हे बेट उभे आहे, तो प्रवाळही समुद्र तापल्यामुळे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर पांढरा पडला. हे समजून घेणारा आणि गावाला समजावणारा गावचाच कोणी असायला हवा की नको?

पालकहो, आता तालमीची गोष्ट. १९५१ मध्ये या द्वीपसमूहात शंभरांत सुमारे पंधरा माणसांना लिहिता-वाचता येत होते. २०११ मध्ये हे प्रमाण जवळजवळ ९२ झाले. साठ वर्षांत हा बदल झाला. सरकारने शाळा काढल्या, मुख्य भूमीवरील महाविद्यालयांत जागा राखून ठेवल्या, शिष्यवृत्त्या दिल्या, हे खरे. पण काळजावर दगड ठेवून पोराला जहाजात बसवणारे आईबाप नसते, तर त्या जागा रिकाम्याच राहिल्या असत्या. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून समुद्राखालून आलेल्या तारेचे उद्घाटन झाले आणि त्या जाळ्यात बित्राही आहे. म्हणजे दूरचे पुस्तक आता बेटावर येऊ शकते. पण ते उघडणारा हात घरातच तयार व्हावा लागतो.

कोणी म्हणेल, शिकली की पोरे परत येत नाहीत, मग शिकवून काय मिळवले? हा प्रश्न मलाही अनेक पालकांनी विचारला आहे. त्याचे उत्तर बित्रानेच दिले. जुलै २०२५ मध्ये या बेटाची सगळी जमीन संरक्षणाच्या कामासाठी घेण्याच्या दृष्टीने सामाजिक परिणामांची पाहणी करण्याची अधिसूचना निघाली. देशाचे संरक्षण महत्त्वाचे, याबद्दल कोणाचेच दुमत नाही. परंतु लोकांना आपले गाव सोडायचे नव्हते आणि त्यांनी विरोध नोंदवला. मित्रहो, अशा वेळी वाऱ्याची दिशा ओळखणारा तांडेल पुरत नाही. कायद्याचा कागद वाचणारा, मुदत पाहणारा, आपले म्हणणे नीट मांडणारा माणूस लागतो. तो गावात राहत असो की दूर शहरात, त्याची विद्या त्या दिवशी गावाच्या कामी आली पाहिजे.

याच द्वीपसमूहाच्या दक्षिण टोकाला मिनिकॉय बेट आहे. तेथील अली माणिकफान यांना वडिलांनी शिकण्यासाठी कन्नूरला धाडले होते. ते शाळा अर्धवट सोडून परतले, पण शिकणे सोडले नाही. अनेक भाषा शिकले, माशांच्या अभ्यासात शास्त्रज्ञांना साह्य केले, एका माशाच्या जातीला त्यांचे नाव मिळाले. ओमानमध्ये खिळा न मारता, काथ्याने फळ्या शिवून त्यांनी 'सोहार' हे गलबत बांधले आणि ते १९८०-८१ मध्ये चीनपर्यंत गेले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विद्यार्थ्यांनो, यातून "शाळा सोडली तरी चालते" असा सोयीचा अर्थ काढू नका! बापजाद्यांचा हुनर आणि पुस्तकाची विद्या एका माणसात आली की बेटावरचा माणूसही जगाला काही देऊ शकतो, हा त्याचा अर्थ.

आपल्या कोकणातही कुलपे लागलेली घरे थोडी नाहीत. मुंबई आणि आखाताने आपल्याला भाकरी दिली, तिचा मी उपमर्द करणार नाही. मागणे एवढेच की, मुलाला पासपोर्टाच्या वयापर्यंत नुसते वाढवू नका, शिकवा. मुलीलाही शिकवा, कारण पुरुष समुद्रापार गेले की गाव तीच सांभाळते. आणि शिकलेल्यांनो, वर्षातून एकदा सुट्टीवर याल तेव्हा आपल्या शाळेत एक तास बसा, एखाद्या घरचा सात-बारा वाचून समजावून द्या.

त्या मुलीला मी सांगितले, "होय बाळ, तिथे माणसे राहतात. तुझ्यासारखी मुले शाळेतही जातात." ती पुन्हा म्हणाली, "मग त्यांना आपले गाव नकाशावर दिसत असेल का?" आपले गाव त्या नकाशावर नाही. ते कोणाला दिसावे असे वाटत असेल, तर ते काम या मुलांकडूनच होणार आहे.