इंजिन ऑइलमधील जस्ताची मात्रा



वसई-विरारच्या वाड्यांतील भाजी, केळी, फुले बाजारात पोहोचविण्यासाठी आज अनेकांच्या दारी पेट्रोलची गाडी उभी असते. शेजारीच ट्रॅक्टरच्या ऑइलचा डबा असतो. ऑइल कमी दिसले की त्यातलेच गाडीत ओतले जाते. हे टाळावे.

जस्त, स्फुरद आणि गंधक ही नावे तुम्हांला खतांमुळे ठाऊक आहेतच. या तिन्हींचे मिळून बनलेले 'झेडडीडीपी' नावाचे झीजरोधक द्रव्य इंजिन ऑइलमध्ये मिसळलेले असते. कॅमशाफ्टसारख्या भागांत धातूवर धातू जोराने घासतो. तेथील दाबाने व उष्णतेने या द्रव्याचा काचेसारखा पापुद्रा धातूवर धरतो. तो केसाच्या पाचशेव्या भागाहूनही पातळ असतो. घर्षणात पापुद्रा झिजतो, धातू वाचतो आणि ऑइलमधील द्रव्यातून पापुद्रा पुन्हा धरतो.

मग हे द्रव्य जास्त असले तर बिघडले कुठे? खताप्रमाणे येथेही मात्रा महत्त्वाची. थोडे ऑइल इंजिनात जळतेच. त्यातील स्फुरद धुराबरोबर जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतो व त्याचे काम मंदावते. मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना हा कन्व्हर्टर सक्तीचा झाला. तो बदलणे खर्चाचे असते. म्हणून 'एपीआय एसपी' प्रतीच्या ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ऑइलमध्ये स्फुरद ०.०६ ते ०.०८ टक्केच ठेवतात. डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये तो बहुधा अधिक असतो. बाटलीतून वेगळे मिळणारे झीजरोधक द्रव्यही याच कारणाने वरून घालू नये. टॅपेटवर अधिक भार घेणाऱ्या जुन्या पद्मिनीसारख्या गाडीची गोष्ट वेगळी. तिच्यासाठी जाणत्या मेकॅनिकला विचारावे.

वाडीतून स्टेशनपर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही. ऑइलमध्ये पेट्रोल व पाणी साचते आणि ऑइल लवकर खराब होते. तेव्हा केवळ किलोमीटर मोजू नका.

थोडक्यात,
१. गाडीच्या पुस्तिकेत दिलेली प्रत व ग्रेडच वापरा.
२. फेऱ्या कमी झाल्या तरी पुस्तिकेतील मुदतीत ऑइल बदला. नुसती भर घालून भागत नाही.
३. काढलेले ऑइल बावखलात वा विहिरीजवळ ओतू नका. गॅरेजमध्ये जमा करा.

पिकाला जशी मोजून मात्रा देता, तशीच इंजिनालाही द्या.