निविदेच्या अटी आधी वाचा



काशीदच्या किनाऱ्यावर आपण जेवण विकतो, कोकम विकतो, सुकी मासळी विकतो. गिऱ्हाईक समोर असतं, भाव तिथल्या तिथे ठरतो. सरकार गिऱ्हाईक झालं की तसं नसतं. शाळेची बाकं असोत की दवाखान्याच्या चादरी, बरीचशी खरेदी आता संगणकावर होते. राज्याचं महाटेंडर्स आहे. केंद्राचा जेम बाजार २०१६ साली सुरू झाला.

यात सोय आहे, हे मान्य. आधी निविदा निघाल्याचं कळायलाच अलिबागला कुणी ओळखीचं लागायचं. आता ती घरबसल्या दिसते. पण दिसली म्हणजे आपल्याला भरता येईल असं नाही. ते अटींवर ठरतं.

अंगणवाडीच्या आहाराचंच घ्या. ठेकेदार नकोत, महिला मंडळं आणि बचत गटांकडून आहार घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितलं होतं. तरी २०१६ मध्ये आपल्या राज्याने निघालेल्या निविदेत अटी अशा होत्या की लहान गट बाहेरच राहावेत. काम होतं सुमारे ६,३०० कोटींचं! वैष्णोराणी महिला बचत गटाच्या नावाने तो खटला ओळखला जातो. २६ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ती निविदा रद्द केली आणि नव्याने काढायला सांगितलं. बायका कोर्टात गेल्या म्हणून हे झालं.

म्हणून भाव शेवटी बघा. आधी बघा, उलाढाल किती मागितली आहे, अनुभव किती वर्षांचा, अनामत किती, माल कुठे पोचवायचा. अट खटकली तर मुदत संपायच्या आत लेखी विचारा, नंतर कुणी ऐकत नाही. केंद्राच्या खात्यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे, त्यातला ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका.

आणि काम मिळावं म्हणून तोट्यातला दर टाकू नका. काशीदहून माल न्यायचं भाडं त्यात धरा. बिल माल पोचल्यावर निघतं, तोवर कच्च्या मालाचे पैसे गटालाच घालावे लागतात.

पुढच्या बैठकीत कुणाच्या तरी मोबाईलवर महाटेंडर्स उघडा आणि रायगड जिल्ह्यातल्या चालू निविदा बघा. नुसतं बघायला नोंदणी लागत नाही, डिजिटल सहीही लागत नाही.